सप्लिमेंट घेताय? आधी डबा फिरवून मागची बाजू बघा

आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मला डब्याचा फोटो पाठवतं, खाली एकच ओळ, "दादा हे घेऊ का?" आणि फोटो नेहमी पुढच्या बाजूचा. पुढे काय असतं, तर फुगलेला दंड, विजेचा लोळ आणि एक्स्ट्रीम, अल्ट्रा, न्यूक्लिअर असला एखादा शब्द. मी म्हणतो डबा फिरव, मागचा फोटो काढ, घटक आणि बॅच नंबर दोन्ही दिसतील असा. निम्मी मंडळी तिथेच गप्प होतात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, परत परत टाइप करायला नको.

मी डॉक्टर नाही की डाएटिशियन नाही. बरीच वर्षं ८०० आणि १५०० मीटर पळलो, आता पोरापोरींना पळवतो, आणि या नादात स्वतःवर बरेच प्रयोग करून झालेत, त्यातला एक असा फसलाय की तो पुढे येईलच. ज्यांना बीपी, किडनी, हृदय, लिव्हर, शुगर यातलं काही आहे, रोजची औषधं चालू आहेत किंवा दिवस गेलेत, त्यांनी इथलं वाचून काहीही सुरू करायचं नाही, आधी डॉक्टरला विचारा. आणि १८ च्या आतल्यांनी डब्याच्या भानगडीत पडूच नये, त्या वयात जेवण, झोप आणि नियमित प्रॅक्टिस यांनीच एवढा फरक पडत असतो की पावडरने काही केलं का हे कळणारसुद्धा नाही.

तर पहिलं काम म्हणजे वही. तीन दिवस काय खाल्लं, किती वाजता झोपलात, प्रॅक्टिस काय केली एवढंच लिहा, खोटं लिहू नका, वही कोणी बघणार नाहीये. माझ्याकडे एकजण आला होता, दम लागतो म्हणून प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची तरतरी आणणारी पावडर, हवं होतं त्याला, वहीत झोप पाच तास आणि सकाळचं खाणं शून्य. त्याला डबा नकोच होता. थकवा जातच नसेल तर रक्त तपासा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), कारण धावणाऱ्यांमध्ये, खास करून मुलींमध्ये, लोह कमी असणं खूप कॉमन आहे. पण लोहाची गोळी रिपोर्ट बघितल्याशिवाय घ्यायची नाही, जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते साठत जातं आणि लिव्हरला त्रास देतं. व्हिटॅमिन डीचंही तेच, कमी असल्याचा रिपोर्ट असेल तरच.

आता प्रोटीन. याला मी सप्लिमेंट म्हणतच नाही, ते जेवणच आहे, फक्त डब्यातलं. नियमित ट्रेनिंग करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम रोज पुरतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते १४० ग्रॅम. वहीतून तुमच्या ताटात किती येतंय ते काढा आणि कमी पडतंय तेवढंच पावडरने भरा. ९० ची गरज आणि ८० ताटातून येतंय तर दोन स्कूप कशाला? एका वेळी २० ते ४० ग्रॅम, दिवसात तीन-चार वेळा विभागून, बस. वर्कआउट संपल्या संपल्या अर्ध्या तासात शेक नाही प्यायलो तर सगळं वाया, असं मानून लोक जिममधून धावत सुटतात, तसं काही नसतं, दिवसभराचा हिशोब जुळला की झालं. मागच्या बाजूला मात्र एक गोष्ट बघा. साध्या टेस्टमध्ये लॅब प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीन काढते, त्यामुळे काही जण ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो मिसळून आकडा फुगवतात. प्रोटीनच्या डब्यात ही नावं वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा परत शेल्फवर.

बाकी बाजारात हजारो डबे आहेत पण खरंच परफॉर्मन्स वाढवणाऱ्या गोष्टींची यादी काढायला बसलं तर ती एका हाताच्या बोटांवर संपते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीच्या तज्ज्ञांनी जो आढावा घेतला त्यात चांगला पुरावा असलेली पाचच नावं आहेत: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. आणि या पाचांनीही जे मिळतं ते एक-दोन-तीन टक्के असतं, तेही योग्य इव्हेंटमध्ये, योग्य डोसमध्ये आणि तुमचं शरीर त्याला साथ देत असेल तर.

क्रिएटिन त्यातल्या त्यात सोपं. साधं मोनोहायड्रेट घ्या, त्याची जी नवीन नवीन महागडी भावंडं निघालीत ती त्याच्यापेक्षा सरस असल्याचं काही दिसलेलं नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, पाण्यात घालून. घाई असेल तर पहिले पाच ते सात दिवस ५ ग्रॅम असं दिवसातून चार वेळा घेऊन लोडिंग करतात, नाहीतर रोजच्या ३ ग्रॅमवर महिन्याभरात स्नायू तेवढेच भरतात, पोटही गडबडत नाही. उपयोग कोणाला, तर ज्यांना कमी वेळात जोरात आणि परत परत ताकद लावायचीय त्यांना, म्हणजे वेटलिफ्टिंग, स्प्रिंट, कुस्ती, फुटबॉल, कारण पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या जोराचं इंधन क्रिएटिनच्या साठ्यातून भरलं जातं. मॅरेथॉनवाल्याला फायदा कमी आणि वजन मात्र एक-दीड किलो वाढतं, ते पाणी असतं, चरबी नाही, पण चढावर तेच पाणी वाहून न्यायचंय ना. कुस्ती-बॉक्सिंगवाल्यांनी वजनाच्या दिवसाचा हिशोब करून घ्या. आणि एक, रक्त तपासायला गेलात तर डॉक्टरला सांगा की क्रिएटिन चालू आहे, क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो आणि किडनी बिघडली असं वाटून घरात रडारड होते. निरोगी माणसाची किडनी या डोसने बिघडते असं दिसलेलं नाही. आधीच किडनीचा त्रास असेल तर मात्र लांब राहा.

कॅफिनबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डोस किलोमागे ३ ते ६ मिलीग्रॅम, रेसच्या तासभर आधी. ६० किलोच्या मुलीला ३ ने धरलं तर १८० मिलीग्रॅम. ६ च्या पुढे फायदा वाढत नाही, फक्त हात थरथरणं, धडधड आणि संडासला पळणं वाढतं. पहिल्यांदा घेताना किलोमागे १ किंवा २ मिलीग्रॅमपासूनच सुरू करा, आणि रेसच्या दिवशी तर पहिल्यांदा अजिबातच नाही. लोक हिशोब कुठे चुकतात तर कॅफिन एकाच ठिकाणी असतं असं धरतात. सकाळची कॉफी, वर प्री-वर्कआउटचा स्कूप, मग रेसमध्ये एनर्जी जेल, तिघांतही कॅफिन, आणि लेबलवर ग्वाराना लिहिलंय तेही कॅफिनच, फक्त झाडाचं नाव लावून आलंय. सगळं बेरीज करा. शिवाय ते शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना तर त्याहून बराच जास्त वेळ, त्यामुळे संध्याकाळी सहाला घेतलं तर रात्री अकराला निम्मं अंगात फिरतंय, आणि उद्या सकाळी फायनल आहे. झोप गेली ती गेली.

सुटी कॅफिन पावडर घरात आणूच नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. एक सपाट चमचा म्हणजे दोन डझनांहून जास्त कप कॉफीएवढं कॅफिन, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८० मिलीग्रॅम कोणाला मोजता येत नाही. यात माणसं मेलेली आहेत. गोळी घ्या, जिच्यावर आकडा छापलेला आहे.

आता तो माझा फसलेला प्रयोग. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडा. एक ते दहा मिनिटांच्या जीव खाऊन केलेल्या प्रयत्नात स्नायूंत जो आम्लपणा साठतो तो रक्तात ओढून घ्यायला मदत करतो, म्हणजे ८०० मीटर, रोइंग, २०० मीटर पोहणं, यांच्यासाठी अगदी मापाचा. डोस किलोमागे ०.२ ते ०.४ ग्रॅम. मी तेव्हा ६० किलोचा, कुठेतरी ०.३ वाचलं, १८ ग्रॅम सोडा अर्ध्या लिटर पाण्यात ढवळला आणि स्टेडियमच्या पायरीवर बसून एका दमात प्यायलो, रेसला तास होता, उपाशी पोटी. चव समुद्राची. पंचवीस मिनिटांनी पोटात असा गोळा फिरला की वॉर्मअप सोडून धावलो, आणि त्या दिवशीची माझी सगळ्यात वेगवान धाव तीच. हीटला माझं नाव पुकारलं तेव्हा मी आतून कडी लावून बसलेलो आणि बाहेर मित्र दार वाजवतोय. रेस गेलीच, वर महिनाभर टोपणनाव "सोडावॉटर".

चुकलं काय ते आता कळतं. एकतर कधी ट्राय न करता थेट रेसच्या दिवशी घेतला, दुसरं म्हणजे एकदम घेतला. करायचंच असेल तर प्रॅक्टिसच्या दिवशी ०.२ ने सुरू करा, कॅप्सूलमध्ये भरलेला घ्या, तो डोसही तासा-दीड तासात थोडा थोडा करून, सोबत काहीतरी पिठूळ खाणं आणि भरपूर पाणी, आणि शेवटचा घोट आणि रेस यात तास-दीड तास मोकळा ठेवा. तीन वेळा प्रॅक्टिसमध्ये पोट शांत राहिलं तरच रेसला. आणि १८ ग्रॅम सोड्यात जवळजवळ ५ ग्रॅम सोडियम असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी याचा विचारही करू नये.

बीटा-अलानिन घेतल्यावर चेहरा आणि हात मुंग्या आल्यासारखे झिणझिणतात. जिममध्ये पोरं त्यालाच "किक बसली" म्हणतात. त्या झिणझिणीचा आणि परफॉर्मन्सचा काडीचा संबंध नाही, प्री-वर्कआउटमध्ये ते घालतात त्यातला अर्धा उद्देश मला तरी हाच वाटतो की गिऱ्हाइकाला काहीतरी होतंय असं वाटावं. खरं काम ते हळूहळू करतं, रोज ३ ते ६ ग्रॅम, थोडं थोडं विभागून, किमान चार आठवडे आणि शक्यतो दहा-बारा, तेव्हा कुठे स्नायूंत आम्लपणा झेलणारं कार्नोसिन वाढतं. वर्कआउटच्या आधी एक दिवस घेऊन काही होत नाही. नायट्रेट म्हणजे बीटचा रस किंवा त्याचे छोटे शॉट, रेसच्या दोन-तीन तास आधी, ३०० ते ५५० मिलीग्रॅम नायट्रेट मिळेल एवढे. यात एक गंमत आहे, नायट्रेटचं नायट्राइट करायचं काम तुमच्या तोंडातले बॅक्टेरिया करतात, त्यामुळे सकाळी माउथवॉशने खळखळून चूळ भरलीत तर पुढचा सगळा रस फुकट. लघवी लाल झाली तर घाबरू नका. आणि आधीच जबरदस्त फिट असलेल्यांना याचा फायदा फारसा होत नाही असंच बरेचदा दिसतं.

बीसीएए आणि ग्लुटामाइन (दोन्ही अमिनोच), टेस्टोस्टेरॉन बूस्टर... प्रोटीन पुरेसं खात असाल तर पहिले दोन घेऊन काही मिळत नाही, आणि तिसरं एकतर चालत नाही, आणि चाललं तर आत काय घातलंय याची भीती वाटावी. पुढे चला.

लांब पल्ल्यावाल्यांसाठी खरा फरक करणारी गोष्ट साखर आहे. तासाभराच्या वरच्या इव्हेंटमध्ये ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब, अडीच तासांच्या वर गेलं तर ९० पर्यंत, पण मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत कारण आतड्यात दोघांचे दरवाजे वेगवेगळे आहेत. पोटाला याचीही प्रॅक्टिस लागते, लाँग रनला जेल खाऊन बघा.

आता मागची बाजू वाचायची कशी. सगळ्यात आधी सर्व्हिंग साइज बघा, वर "३०० मिलीग्रॅम कॅफिन" लिहिलेलं असतं ते एका स्कूपचं की दोन स्कूपचं हे खाली बारीक अक्षरात असतं. मग "प्रोप्रायटरी ब्लेंड" हा शब्द शोधा. याचा अर्थ आत दहा गोष्टी आहेत, एकूण वजन अमुक आहे, पण कुठली किती ते आम्ही सांगणार नाही. माझ्या पोटात काय घालतोय हे ज्याला सांगायचं नाही त्याचा डबा मी घेत नाही, सोपा नियम आहे. मग अशी नावं शोधा जी खाण्यासारखी वाटत नाहीत. एलजीडी-४०३३, एमके-२८६६, आरएडी-१४० अशी अक्षरं आणि आकडे असतील तर ती सार्म्स आहेत, स्टिरॉइडसारखं काम करणारी, बाजारात औषध म्हणून विकायची परवानगी न मिळालेली रसायनं, खेळाडूंना स्पर्धा असो नसो बंद, आणि लिव्हर खराब झाल्याच्या केसेस आहेत. डीएमएए हे उत्तेजक तर दहा नावांनी येतं, मिथाइलहेक्झानामाइन, १,३-डायमिथाइलअमाइलअमाइन, जिरेनियम एक्स्ट्रॅक्ट. फुलाचं नाव वाचून सौम्य वाटतं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून गेली, तिने पाण्यात मिसळलेल्या पावडरमध्ये हेच होतं. हायजेनामाइन हे असंच अजून एक, वनस्पतींमधून येतं, "नॅचरल फॅट बर्नर" म्हणून विकतात, आणि बंदीच्या यादीत आहे. नॅचरल शब्दाला भुलू नका, अफूही नॅचरलच आहे.

बरं, लेबल स्वच्छ आहे म्हणजे डबा स्वच्छ आहे असंही नाही, आणि हे लोकांच्या पचनी पडत नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या डोपिंग लॅबने २०००-०१ मध्ये १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासली, स्टिरॉइडच्या जातीची अशी कुठलीच गोष्ट लेबलवर नसलेली, तर ९४ मध्ये ती सापडली. साधारण सातात एक. दर वेळी मुद्दाम मिसळलेलं असतं असं नाही, त्याच मशीनवर काल दुसरंच काहीतरी दळलेलं असतं आणि धुतलेलं नीट नसतं. पण लॅबची मशीन इतकी बारीक पकडते की चिमटीभर धूळही सापडते. २००८ मध्ये अमेरिकेची जलतरणपटू जेसिका हार्डी हिच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदीतलं औषध सापडलं, सप्लिमेंटमधून आलं हे मान्य झालं, बंदी दोनाची एक वर्षावर आली, पण बीजिंग ऑलिम्पिक हुकलं ते हुकलंच. वाडाचा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा, नियमच तसा आहे, तुमच्या शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची, कसं आलं हे सिद्ध करायचं कामही तुमचंच.

म्हणून टेस्ट होऊ शकणाऱ्या लेव्हलला खेळत असाल तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट असा, बंदीतल्या गोष्टींसाठी बॅच तपासणाऱ्यांचा शिक्का असलेलंच घ्या. शिक्का बघून थांबू नका, शिक्का कोणीही छापतो. शिक्का देणाऱ्यांच्या साइटवर जाऊन तुमच्या डब्याचा बॅच नंबर टाका, तोच नंबर तपासलेल्या यादीत आहे का बघा, आणि त्या स्क्रीनचा फोटो तारखेसकट ठेवा. धोका शून्य होत नाही, बराच कमी होतो. सुटी पावडर, सील तुटलेला डबा, मित्राने पिशवीत काढून दिलेले चार स्कूप, हे सगळं बाद.

औषधांच्या बाबतीत तर शहाणी माणसं फसलीत. ब्रिटनचा स्कीअर अॅलन बॅक्स्टर, २००२ चं सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिक, स्लॅलममध्ये कांस्य मिळालं आणि गेलं, कारण काय तर सर्दीसाठी नाकात ओढायचं इनहेलर. घरी वापरायचा तेच नाव, तोच ब्रँड, पण अमेरिकेत विकत घेतलेल्यात एक जास्तीचा घटक होता. म्हणजे औषध ब्रँडवरून तपासायचं नाही, घटकांवरून आणि ज्या देशात घेतलं त्या देशाच्या पाकिटावरून तपासायचं. शेन वॉर्न २००३ च्या वर्ल्ड कपमधून परत गेला, वर्षभर बंदी, आईने दिलेली पाणी कमी करायची गोळी घेतली म्हणाला. डाययुरेटिक म्हणजे लघवी जास्त करवणारी औषधं, बाकीची औषधं लपवायला वापरली जातात म्हणून स्पर्धा असो नसो बंद, आणि वजन उतरवायला घेतली तर पोटॅशियम घसरून हृदयाचा ठोकाच चुकू शकतो. आणि मारिया शारापोव्हा मेल्डोनियम २००६ पासून घेत होती, ते १ जानेवारी २०१६ ला यादीत आलं आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनला ती सापडली. दोन वर्षांची बंदी, नंतर १५ महिने. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते, नवीन यादी त्याच्या तीनेक महिने आधी येते, तेव्हा डिसेंबरात एक संध्याकाळ काढून आपली सगळी औषधं तिच्यासमोर धरून बघा. त्रामाडॉल पेनकिलर २०२४ पासून स्पर्धेत बंद झालंय, कित्येकांना अजून पत्ता नाही.

काही बारीकसारीक पण महत्त्वाचं. स्पर्धा सकाळी दहाला असली तरी "स्पर्धेतला काळ" आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. दम्याचा सालब्युटामॉल पंप चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. अंगात त्राण नाही म्हणून सलाईन लावून घेणं, हे तर लोकांना औषधच वाटत नाही, पण १२ तासांत १०० मिलीलिटरच्या वर शिरेतून काहीही घेणं बंद आहे, मग आत साधं मीठपाणी का असेना, फक्त हॉस्पिटलमधले उपचार, ऑपरेशन आणि तपासण्या सोडून. आजारासाठी बंदीतलं औषध लागतंच असेल तर टीयूई नावाची परवानगी मिळते, शक्यतो आधीच काढा. आणि डॉक्टरसमोर बसल्या बसल्या पहिलं वाक्य "मी खेळाडू आहे, माझी टेस्ट होते" हेच बोला.

राहिला तो विषय जो लोक इनबॉक्समध्येच विचारतात. स्टिरॉइड चालतात का? चालतात, म्हणून तर बंदी आहे, बेन जॉन्सन १९८८ ला सोलमध्ये ९.७९ उगाच नाही पळाला. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषण आक्रसतात, शुक्राणू कमी होतात, चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, हृदयाची भिंत जाड होते, पुरुषांना छाती येते, आणि बायकांचा आवाज घोगरा झाला की औषध सोडलं तरी परत येत नाही. डोस, सायकल हे मी कोणाला सांगत नाही आणि सांगणार नाही, जो सांगतो त्याच्याकडे तुमचे रिपोर्ट नसतात, विकायचा माल असतो. कोणी आधीच घेत असेल तर त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. डॉक्टरपासून लपवू नका, लिपिड, लिव्हर, हिमोग्लोबिन, बीपी तपासून घ्या, सुई कोणाचीही वापरू नका, आणि सोडताना हार्मोनच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा, कारण सोडल्यावर काही महिने जी मरगळ आणि नैराश्य येतं ते एकट्याने झेपणारं नसतं. छातीत दुखलं, श्वास लागला, पायाला एकाच बाजूला सूज आली की थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी. आणि चरबी जाळायला डीएनपी नावाची पिवळी पावडर कोणी दिली तर ती कचऱ्यातही टाकू नका, केमिस्टकडे परत द्या. ते कीटकनाशकांत आणि स्फोटकांत वापरलेलं रसायन आहे, अंग आतून तापत जातं आणि त्यावर उतारा नाही.

बरं, वरच्या पाच सप्लिमेंटमधलं काही घ्यायचं ठरलंच तर एका वेळी एकच. दोन एकदम सुरू केलीत तर पोट कशाने बिघडलं आणि टाइम कशाने सुधारला हे देवालाही कळणार नाही. आधी दोन आठवडे काहीही न घेता तुमची ठरलेली टेस्ट करा, माझी मुलं ४०० मीटरचे सहा राउंड करतात, मग सप्लिमेंटसह तोच सेट, तोच ट्रॅक, जमलं तर तीच वेळ. वहीत आकडे. जमल्यास मित्राला सांगा की कधी खरी कॅप्सूल आणि कधी मैदा भरलेली दे, सांगू नको. मैद्यावर माझा सगळ्यात चांगला टाइम आला होता एकदा. मोठ्या स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात नवीन काहीही नाही.

आणि त्याच वहीत दर डब्याची नोंद करा, नाव, बॅच नंबर, कधी उघडला, कधी संपला, बिल चिकटवून ठेवा. डोपिंग टेस्टला बोलावलं तर फॉर्मवर गेल्या ७ दिवसांत घेतलेलं सगळं लिहायला सांगतात, गोळ्या, पावडर, जेल, व्हिटॅमिन, तेव्हा थकलेल्या डोक्याला काही आठवत नाही, वहीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि बघून लिहा, लपवून काही फायदा होत नाही, उलट नंतर "सप्लिमेंटमधून आलं असेल" म्हणालात तर पहिला प्रश्न येतो की मग फॉर्मवर का नाही लिहिलं. डबा संपला तरी फेकू नका. तळाला दोन-तीन स्कूप शिल्लक ठेवा, झाकण घट्ट लावा, त्यावर तारीख टाका. परवडत असेल तर त्याच बॅचचा एक सीलबंद डबा बाजूला ठेवून द्या, कारण उघडलेल्या डब्यात तुम्हीच काही मिसळलं नाही कशावरून असं विचारतात, आणि तेव्हा न फोडलेलं सीलच उपयोगी पडतं. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा अशाच डब्यांनी भरलाय, घरचे वैतागतात, डोपिंग टेस्टचे नमुने १० वर्षांपर्यंत परत तपासता येतात हे त्यांना सांगून झालंय.